पहिलं जाळं पाण्याचं

'मॅडम, आमचं मशीन मुलाला ओळखतं,' असं म्हणणाऱ्या परीक्षा कंपनीच्या माणसाला मी बसायला खुर्ची दिली होती, वर चहाही पाजला होता. त्या चहाचा मला अजून राग येतो. चांगलं आलं ठेचून घातलं होतं त्यात.

परवा तो पुन्हा आला. म्हणजे तोच नव्हे, त्याच्या जागी दुसरा. पण खिशावरचा बिल्ला तोच, बॅग तशीच आणि वाक्यही तेच. मार्च लागला की भंडाऱ्यात दोन गोष्टी हटकून होतात. खेड्यांवरून येणाऱ्या एसटीत मोहफुलांच्या पिशव्यांचा गोडसर, डोकं जड करणारा वास भरून येतो, आणि आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश परीक्षेच्या सरावाचे लॉगिन वाटले जातात. मी गणित शिकवते, म्हणून यादी माझ्या गळ्यात. यंदा बावीस मुलींची नावं आहेत. यादी टेबलावर पालथी घातली आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. चार वर्षांपूर्वीचा मार्च डोक्यातून जाता जात नव्हता.

मला या परीक्षेचा तिटकारा आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवणार नाही.

मयुरी माझी भाची, माझ्या भावाची, सुधाकरची मुलगी. आमचं घर पवनी तालुक्यात, आसगावचं. शेती नावाला, तलाव खरा. बाबांनी जन्मभर जाळं टाकलं, त्यावर मी शिकले, सुधाकरचा संसार उभा राहिला. अकरावीला मयुरी माझ्याकडे भंडाऱ्याला राहायला आली. दोन वेण्या, हातावर गोंदणासारखी शाईची चित्रं, आणि प्रश्न विचारायला लागली की थांबायचं नाव नाही. तिला एकच गोष्ट शिकायची होती: तलाव मरतात कसे. आमचा तलाव तिच्या डोळ्यांसमोर अर्धा झाला होता. गाळ साचला, बेशरमीची झुडपं पाण्यात चालत आली, बोटरी ही बारीक मासोळी विरळ झाली. दूर दक्षिणेत एक विद्यापीठ आहे, तिथे हेच शिकवतात. मोजक्या मुलांना ते सगळं माफ करतं, राहणं, खाणं, शिकणं. पण ती मुलं या एका परीक्षेच्या गुणांवर निवडतं. गणितात आठशेपैकी सातशेच्या वर हवेत. बाकीच्या विषयांत मयुरी तरून जात होती. प्रश्न गणिताचा होता, आणि ती गणिताच्या मास्तरणीच्या घरात राहत होती.

नाही मिळाली जागा तर काय, तेही ठरलेलं होतं. सुधाकर वाईट माणूस नाही. पण पाहुण्यांमध्ये बसून त्यानं बोलून दाखवलं होतं, 'नाही झालं त घरी आनतो तिले. दोन-तीन ठिकानचे लोक सोयरिकीचं इचारूनच राहिले.' मयुरी तेव्हा दाराआड पाणी भरत होती. तिनं ऐकलं आणि गुंडातलं पाणी काठोकाठ भरून सांडेपर्यंत नळ तसाच सुरू ठेवला. मला तो नळाचा आवाज अजून आठवतो.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही सरावाला बसायचो. माझं घर पितळेच्या भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत आहे. तिथे रविवारही ठोक्यांनीच उजाडतो. कोणी घागरीचा पोचा काढत असतो, कोणी परातीचा काठ वळवत असतो. गच्चीवर सुधाकरनं पाठवलेली मोहफुलं वाळत घातलेली, त्यांचा वास जिन्यावरून खाली उतरलेला. टेबलावर माझा जुना लॅपटॉप. तो तापायचा म्हणून त्याच्याखाली स्टीलची ताटली पालथी घातलेली. पडद्याच्या कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. मयुरी वेणी पाठीमागे कुर्त्यात खोचून बसायची, कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात एक मासा काढायची आणि सुरुवात करायची.

गणिताचा पेपर दोन भागांत यायचा. पहिला भाग दिला की तो बंद, परत उघडायची सोय नाही. मग क्षणभर पडदा पांढरा व्हायचा, एक गोल फिरायचा, आणि दुसरा भाग यायचा. त्या फिरणाऱ्या गोलाकडे मी कधी लक्षच दिलं नाही. मला वाटायचं नेट हळू आहे. आता कुठेही तसा गोल फिरताना दिसला, रेल्वेच्या तिकिटाचा असो की बँकेचा, मी मान फिरवते. त्या दोन-तीन क्षणांत आमच्या पोरीचा निकाल लागत होता आणि मी लॅपटॉपखाली हात घालून तो किती तापला ते बघत होते.

पहिल्या रविवारी पाचशे ऐंशी. 'ठीक आहे, सुरुवात आहे,' मी म्हटलं. दुसऱ्या रविवारी मयुरी खुर्चीवरून उडी मारून उठली.

'आत्या, आज दुसरा भाग कित्ती सोपा आला! एक बी चुकलं नाही!'

खरंच एकही चुकला नव्हता. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं होतं: 'छान! दुसऱ्या भागात तुमची कामगिरी उत्तम आहे. अशीच प्रगती करा.' मी शिरा केला. बेदाणे घालून केला. आम्ही दोघींनी गच्चीवर मोहफुलांच्या कडेला बसून तो खाल्ला. गुण पाचशे नव्वद होते, पण हिरवी अक्षरं बघून आम्ही हरखलो होतो. त्या शिऱ्याचीही मला लाज वाटते. आमच्या पोरीला कमी लेखलं होतं आणि आम्ही त्यावर तूप घालून खात होतो.

तिसऱ्या रविवारी पाचशे नव्वद. चौथ्या रविवारी पाचशे नव्वदच. प्रत्येक वेळी दुसरा भाग सोपा, प्रत्येक वेळी त्यातलं सगळं किंवा जवळजवळ सगळं बरोबर, प्रत्येक वेळी हिरवं 'छान'. आणि गुण जागचे हलत नव्हते. मयुरी रोज पहाटे उठून गणितं करू लागली. तिच्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडला. परीक्षेला महिनाही उरला नव्हता.

मी चुकलेले प्रश्न काढून पाहिले. टक्केवारी, साधं समीकरण, त्रिकोणाचा कोन. आठवीतल्या पोराला यावेत असे. ते बघून मी चिडले. जे येत नाही ते चुकलं तर मी कोणावर रागावत नाही. जे येतं ते चुकलं की मात्र माझा तोल जातो. सत्तावीस वर्षं मास्तरकी केल्यावर ही खोड अंगात मुरते.

'हे तुले येत नाही?' मी विचारलं.

'येते.'

'मंग चुकलं काहून?'

'मले नाही माहीत, आत्या.'

'तुले जायचंच नसंन तिथं त सरळ सांग. मी तरी रविवार कायले घालवून राहिली?'

असं बोलायला नको होतं. कागदावरच्या माशाला मयुरीनं खवले काढायला सुरुवात केली, एक एक, बारीक, आणि अख्खा मासा काळा होईपर्यंत ती काढत राहिली. दुपारी जेवली नाही. गल्लीतले ठोके त्या दिवशी मला डोक्यावर पडत असल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी त्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. गाणं वाजलं, मग एक गोड आवाज आला. मी सगळं सांगितलं. दुसरा भाग पूर्ण बरोबर येतो, तरी गुण वाढत नाहीत, याचं कारण काय?

'मॅडम, सिस्टीम बच्चे के हिसाब से चलता है.'

'कोणत्या हिशोबानं ते बच्चेले सांगा न मग.'

'मॅडम, वो तो सिस्टीम को ही पता होता है.'

'तुमाले माहीत आहे का?'

'मॅडम, आपका दिन शुभ हो.'

फोन ठेवून दिला तिनं. तिचा काय दोष? तिलाही कोणी सांगितलेलं नव्हतं. नंतर मला माहितीपत्रकात एक ओळ सापडली, पार मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात: 'प्रश्नांची पातळी उमेदवाराच्या कामगिरीशी जुळवून घेतली जाते.' जुळवून घेतली जाते! आमच्याकडे सून आणि सासू जुळवून घेतात, तेव्हा निदान दोघींना थोडं थोडं वाकावं लागतं. इथे वाकायचं ते एकट्या पोरीनं, आणि आपण वाकतोय हे तिला कळूही द्यायचं नाही.

गुरुवारी दुपारी स्टाफरूम रिकामी होती. वर पंखा कुरकुरत होता, बाहेर कडुलिंबाचा पिवळा पाला झडत होता. मी स्वतः परीक्षेला बसले. पहिला भाग मन लावून सोडवला. गोल फिरला, आणि दुसरा भाग आला तो असा की माझ्या कानशिलांना घाम फुटला. सत्तावीस वर्षं गणित शिकवणारी बाई मी, आणि माझे सहा प्रश्न चुकले. हिरवं 'छान' आलं नाही. मी हिरमुसून खाली पाहिलं तर गुण सातशेच्या कितीतरी वर.

मग मी पुन्हा बसले. या खेपेला पहिल्या भागात मुद्दाम चुका केल्या, मयुरीच्या होतात तेवढ्याच. गोल फिरला. दुसरा भाग आला: शेकडेवारी, वय काढा, आयताची परिमिती. मी सगळे प्रश्न सोडवले, तीन-तीनदा तपासले, एकही चुकू दिला नाही. हिरवं 'छान' झळकलं. आणि त्याखाली पाचशे नव्वद. दोन्ही वेळचे बरोबर आलेले प्रश्न मी मोजले. थोडाफार फरक सोडला तर सारखेच होते.

तेव्हा मला हा सगळा डाव कळला. पहिल्या भागावरून मशीन ठरवतं, ही मुलगी कोणत्या रांगेतली. वरच्या रांगेतली वाटली तर कठीण भाग पुढे करतं, आणि कठिणातल्या बरोबर उत्तरांना जास्त मोल देतं. खालच्या रांगेतली वाटली तर सोपा भाग देतं, आणि त्या सोप्या भागावर एक छप्पर घालून ठेवतं. मग तुम्ही कितीही हुशारी दाखवा, डोकं छपरालाच लागणार. याला ते म्हणतात मुलाला ओळखणं. मला एक मूल ओळखायला दिवाळी उजाडते. जूनमध्ये जी मला मठ्ठ वाटली, तिनं नोव्हेंबरात मला गप्प बसवल्याचं कितीदा झालंय. आणि दरवेळी मी माझं मत खोडलं आहे, कधी कधी शरमेनंही खोडलं आहे. हे मशीन अर्ध्या तासात मत बनवतं, आणि एकदा बनवलं की खोडत नाही. वर खोटं गोड बोलतं. त्या दुपारी माझा चहा पिऊन गेलेला तो माणूस समोर असता तर मी त्याला कपबशीसकट हाकललं असतं.

पण एक गोष्ट मला अजूनही उमगत नव्हती. मयुरी पहिल्याच भागात का चुकते?

त्याच शनिवारी सुधाकरचा फोन आला. तलावाचं पाणी उतरलं होतं, मासेमारी लागली होती. पोरीला घेऊन ये, दोन घास ताजे खाऊन जा. पवनीपर्यंत एसटी, तिथून आसगाव. वाटेत मोहाखालची जमीन झाडून साफ केलेली, बाया-पोरी टोपल्या घेऊन वाकलेल्या. मयुरीनं बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकलं नाही. रविवारपासून तिनं ते सोडलंच होतं.

सकाळी बाबा, मयुरी आणि मी तलावाच्या पाळीवर गेलो. पाणी मागे सरकून त्याच्या कडेनं चिखलाला भेगा पडलेल्या. बाबांचं वय झालंय, पण पाण्यात उतरले की पाठ सरळ होते. त्यांनी फेकजाळं खांद्यावर घेतलं, अंग फिरवलं, आणि जाळं पाण्यावर गोल उघडून पडलं. ओढलं. आत आठ-दहा बोटरी, एक शिंगूर, चिखलाचा गोळा आणि कुजका खुंट. मयुरी गुडघाभर पाण्यात गेली, जाळं मोकळं केलं, खुंट पाळीवर फेकला आणि सगळे मासे परत सोडून दिले.

आमच्या घरची ही रीत आहे. पहिलं जाळं पाण्याचं. त्यात आलेलं घरी न्यायचं नाही. पहिल्या जाळ्यात पाण्याची चौकशी करायची: गाळ किती वर आला, खुंट कुठे रुतलेत, मासा आज कोणत्या अंगाला आहे. ज्याच्या घरी आलो त्याची आधी विचारपूस, मग आपलं काम. मी सहा वर्षांची असताना हेच केलं, सुधाकरनं केलं, मयुरीनंही चालता येऊ लागल्यापासून हेच केलं. त्या सकाळी तिच्या बोटांमधून बोटरी निसटताना मी पाहिल्या, आणि मला काहीतरी टोचलं.

'मयुरी,' मी पाळीवरून ओरडून विचारलं, 'पेपरचा पयला भाग तू कसा सोडवतं?'

ती ओढणी पिळत म्हणाली, 'तो त पाहासाठी असते न, आत्या.'

'म्हंजे?'

'म्हंजे पेपर कसा हाय, कुठं अडकवून राहिला, ते पाहून घेतो. हात मोकळा करतो. उत्तरं देतो अशीच भरभर. मंग दुसऱ्यात पकडतो पुरे.' मग माझा चेहरा बघून ती घाबरली. 'तूच त सांगतं वर्गात. पयले पेपर ओळखाचा, मंग हात लावाचा.'

हो, मीच सांगते. दरवर्षी, दर वर्गात, खडू आपटून. कागदी पेपरात ते बरोबरच होतं. कागद वाट बघतो, मागे जाऊ देतो. मी तिथेच पाळीवर बसले, साडी चिखलात. दोन भाग बघितल्यावर आमच्या घरच्या पोरीला दुसरं काय वाटणार? पहिलं जाळं पाण्याचं, दुसरं आपलं. महिनाभर ती इमानेइतबारे पहिला भाग सोडून देत होती, आणि ते यंत्र तिचा हा अदबशीरपणा तिची कुवत म्हणून लिहून घेत होतं. मला रडू आलं ते रागानं आलं. कोणावर काढावा तेच कळेना. त्या यंत्रावर, माझ्यावर, की पाण्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर.

मी दोघांना समजावून सांगितलं. बाबा जाळं निथळवत ऐकत होते.

'म्हंजे पयल्याच जाळ्यावरून तो ठरवते, इले कोन्ता तलाव द्याचा?'

'हो, बाबा.'

'अन् मंग बदलवत नाही?'

'नाही.'

बाबांनी जाळ्यातला एक गवताचा धागा सोडवून बोटावर गुंडाळला. 'त्याले मासोळीतलं काई समजत नाही, बाई,' ते म्हणाले, आणि पुन्हा पाण्यात गेले.

पुढचे वीस दिवस मी मयुरीशी जशी वागले, तशी मी कुठल्याच विद्यार्थिनीशी वागलेली नाही. रोज संध्याकाळी कॉलेज सुटलं की फक्त पहिला भाग. पहिल्या प्रश्नापासून दात आवळून. ती पेन टेकवायच्या आधी मी टेबलावर हात आपटायची, 'पयल्याच जाळ्यात पाह्यजे! काही सोडाचं नाही!' सुरुवातीला ती कच्च्या कागदावर मासा काढायची. मी म्हटलं, वेळ जाते त्यात, बंद कर. तिनं बंद केलं. दुसरा भाग आता कठीण येऊ लागला. तिला निम्मे प्रश्न सुटायचे नाहीत, हिरवं 'छान' दिसेनासं झालं, आणि गुण वर चढू लागले: साडेसहाशे, सहाशे नव्वद. ती ओढणीचं टोक चघळायची. पोट दुखतं म्हणायची. सोपं आलं म्हणून उडी मारणारी पोरगी आता सोपा प्रश्न दिसला की पांढरी पडायची, आपल्याला खाली टाकलं की काय म्हणून. एखाद्या मुलीला सोप्याची भीती वाटावी, असं कोणत्या शिक्षणात बसतं? पण मी ते तिला शिकवलं, आणि नेटानं शिकवलं.

परीक्षा नागपूरला होती. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. केंद्राबाहेर कडुलिंबाखाली मी आणि सुधाकर उभे होतो. त्यानं पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरली होती. दारातून मुलं बाहेर येऊ लागली. काही हसत होती. 'सोपा होता यार,' एक जण आपल्या बापाला सांगत होता, आणि बापानं त्याच्या पाठीवर थाप मारली. मला त्या बापाला हाताला धरून बाजूला न्यावंसं वाटलं. पण त्याला काय सांगणार होते मी?

मयुरी शेवटच्या घोळक्यात आली. रडत होती. हुंदके देत होती.

'आत्या, दुसरा भाग बहुतच कठीण होता. नऊ-दहा त समजलेच नाही मले.'

सुधाकर मटकन खालच्या दगडावर बसला. बाटली तशीच छातीशी. आणि मी हसले. भर रस्त्यात, मोठ्यानं. तिला घट्ट धरून मी विचारत होते, 'खरंच कठीण? एकदम कठीण?' आणि ती माझ्या खांद्यावर मान हलवत होती. सुधाकर माझ्याकडे असा पाहत होता की या बाईला ऊन लागलं.

मयुरीला जागा मिळाली. ती आता तिथे शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातली तलावाचाच अभ्यास करणारी पहिलीच. पाहुण्यांमध्ये आता सुधाकर वेगळं बोलतो. हे सगळं चांगलंच झालं, आणि ते मी नाकारत नाही.

गेल्या आठवड्यात ती सुट्टीवर आली. आम्ही आसगावला गेलो. पाणी उतरलेलं, मोहाखाली टोपल्या, सगळं तसंच. बाबांना आता जाळं झेपत नाही. ते पाळीवर बसले, आणि मयुरी पाण्यात उतरली. तिनं बाबांसारखंच अंग फिरवलं, जाळं सुरेख उघडलं. ओढलं. एक हातभर मरळ आली होती, दोन-चार बोटरी. बाबांनी जाळं मोकळं करायला बसल्या जागेवरून हात पुढे केला. तोवर मयुरीनं ते पाळीवर आणून टोपलीत रिकामं केलंही होतं.

'पयलं होतं ते,' बाबा म्हणाले.

'आलं न, आजा,' ती हसत म्हणाली, 'मंग सोडाचं कायले?'

ती उर्मटपणे बोलली नाही. तिला त्यात काही वेगळं वाटतच नव्हतं. पुढचं जाळं टाकायला ती वळलीसुद्धा. बाबा तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी टोपलीवर ओलं फडकं टाकलं.

दुपारी मी मासे साफ करायला बसले. मरळ एकच होती, त्यामुळे पहिल्या जाळ्यातली कोणती ते विसरायचीही सोय नव्हती. जेवताना बाबांनी वरण-भातच घेतला. मयुरीनं दोनदा विचारलं, 'आजा, मासोळी काहून नाही घेत?' बाबा म्हणाले, 'पोट भरलं, बाई.' मग तिनं त्यांच्यासाठी काढलेला मरळीचा तुकडा माझ्या ताटात वाढला, आणि मी तो खाल्ला.

सोमवारी बावीस मुली माझ्यासमोर बसतील. त्यांत तीन-चार आमच्यासारख्याच तलावाकाठच्या घरांतल्या आहेत, आडनावांवरून कळतं. पहिल्याच तासाला मला टेबलावर हात आपटून सांगायचं आहे की पहिल्या भागात काही सोडायचं नाही. मी ते सांगणार आहे. नाही सांगितलं तर त्या पाचशे नव्वदला अडकतील, आणि त्यांच्याही घरी कोणी ना कोणी सोयरिकीचं विचारूनच राहिले असतील.